मोठी रजा की परत आल्यावरची साथ?

टेकमधल्या आयांसाठी जास्त गरजेचं काय, लांब मॅटर्निटी लीव की परत आल्यावरचा सपोर्ट, यावर सारखा वाद होतो म्हणून लिहितेय.

रजा तर हवीच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारातच किमान १४ आठवडे म्हटलंय, शरीर भरून यायला वेळ लागतो, त्यात घासाघीस नकोच. पण नुसती रजाच वाढवली आणि तीही फक्त आईला, की मॅनेजर हायरिंगच्या वेळीच मनात हिशोब करायला लागतात.

परत आल्यावरचं मात्र कुणी बघतच नाही! पहिले दोन-तीन महिने कमी तास, रात्रीचं ऑन-कॉल (सिस्टिम बिघडली तर लगेच हजर राहायची ड्युटी) बंद, दूध काढायला आतून कडी लागणारी स्वच्छ खोली आणि फ्रीज (स्तनपानाचा रोजचा ब्रेक त्याच करारात आहे, तोही पगारी). आणि मुख्य म्हणजे रजेचे महिने अप्रेजलमध्ये शून्य धरायचे नाहीत, आणि तिचं प्रोजेक्ट तिला परत द्यायचं, इथेच बायका मागे पडतात आणि मग सोडून जातात.

एकच निवडा म्हणाल तर पुरेशी रजा मिळाल्यानंतरचा जादा खर्च मी परत आल्यावरच्या सपोर्टवर आणि बाबांच्या रजेवर करेन.