लोकप्रतिनिधींची पर्यावरण गुणपत्रिका: मतदाराच्या किती उपयोगाची?

प्रचारसभेत सौर आणि पवनऊर्जेची बाजू घेणारे उमेदवार पुष्कळ भेटतात. पण पुन्हा मत मागायला आलेल्या लोकप्रतिनिधीने सभागृहात प्रत्यक्ष कोणत्या बाजूने मत दिले हे तपासायचे असेल, तर अमेरिकेतील ‘लीग ऑफ कन्झर्व्हेशन व्होटर्स’ या १९७० साली स्थापन झालेल्या संस्थेच्या ‘नॅशनल एन्व्हायर्नमेंटल स्कोअरकार्ड’इतकी सोयीची सेवा माझ्या पाहण्यात नाही. ती विनामूल्य आहे. राज्य निवडून सदस्याच्या नावावर टिचकी मारली की पर्यावरणविषयक मतदानांवरून दिलेले त्या वर्षाचे शंभरपैकी गुण, आजवरच्या कारकिर्दीचे गुण आणि एकेका मतदानाची नोंद समोर येते.

मला ही नोंद एकूण गुणांपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये स्वच्छ ऊर्जेला सवलती देणारा ‘इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्ट’ हा कायदा सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० मतांनी मंजूर झाला, तोही उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मताने, आणि छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्या कुटुंबांना खर्चाच्या ३० टक्के करसवलत २०३२ पर्यंत मिळेल असे ठरले. पुढे जुलै २०२५ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मताने, पुन्हा ५१ विरुद्ध ५० अशाच निकालाने, सिनेटने जे विधेयक संमत केले, त्याने ती सवलत २०२५ अखेर संपवली. एकेका मताला इतकी किंमत असताना आपल्या सिनेटरचे मत कोणत्या बाजूला पडले हे मतदाराला ठाऊक असलेच पाहिजे.

गुण मात्र जपून वाचावेत. गैरहजेरी विरोधी मतासारखीच मोजली जाते. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात गुंतलेले सिनेटर जॉन मॅकेन संस्थेने गुणांसाठी निवडलेल्या पंधराही मतदानांना अनुपस्थित राहिले आणि त्यांच्या नावापुढे शून्य लागले. नियम कडक आहे, पण मला तो रास्त वाटतो.

खरी उणीव वेगळीच आहे. पुढे सिनेटर झालेले एड मार्की यांनी प्रतिनिधीगृहातील सहकारी हेन्री वॅक्समन यांच्यासह मांडलेले हवामान विधेयक २६ जून २००९ रोजी प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले (सिनेटमध्ये ते मतदानापर्यंत पोहोचलेच नाही). अशा विधेयकामागे कित्येक महिने राबणारा आणि शेवटच्या दिवशी केवळ बाजूने मत देणारा, दोघांच्या पदरी सारखेच गुण पडतात. २०२० मध्ये मार्की यांना मॅसॅच्युसेट्समधील पक्षांतर्गत निवडणुकीत जो केनेडी यांनी आव्हान दिले, तेव्हा हवामान बदलाला तोंड देत रोजगार निर्माण करण्याचा आराखडा मांडणाऱ्या ‘ग्रीन न्यू डील’ या ठरावाला दोघांचाही पाठिंबा होता, फरक होता तो हा ठराव मांडणारा आणि त्याला अनुमोदन देणारा यांच्यातला, आणि तो टक्केवारीत दिसत नाही.

ही संस्था निवडणुकीत उमेदवारांना उघडपणे पाठिंबाही देते, तेव्हा कोणती मतदाने मोजली आहेत यावरही नजर टाकावी. एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांतून निवड करायची असेल, तर अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, अधिकृत संकेतस्थळावर विधेयक कोणी मांडले तेवढे अवश्य पाहावे.