बुबुळाचा फोटो काढून आईचा डोळा घालवला

आईला बारा वर्षांपासून शुगर आहे. गेल्या श्रावणात आमच्याकडच्या एका मंगल कार्यालयात ‘बुबुळावरून संपूर्ण शरीर तपासणी’ असं शिबिर लागलं. फी २०० रुपये. आईला उजव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं होतं, म्हणून मीच तिला घेऊन गेले.

पांढरा कोट घातलेल्या माणसानं लॅपटॉपचा छोटा कॅमेरा तिच्या डोळ्याला लावला आणि पडद्यावर बुबुळ ताटाएवढं दिसायला लागलं. मागे भिंतीवर तक्ता होता. त्यात बुबुळाचं घड्याळ केलेलं, सहाच्या आसपास किडनी. आईच्या डाव्या बुबुळावर तपकिरी ठिपका दिसला. “मावशी, किडनी खराब होत चाललीय.” मग उजवा डोळा. बाहुलीच्या कडेला केसासारख्या बारीक लाल रेषा होत्या. त्यांच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “ही रक्तातली घाण वर येतेय. तीन महिने पावडर घ्या, डोळा आपोआप स्वच्छ होईल. डोळ्याच्या दवाखान्यात जाऊ नका, ते लगेच ऑपरेशन सांगतात.” महिन्याचे ५,४०० रुपये. बिल मागितलं तर ‘सहयोग राशी’ लिहिलेली चिठ्ठी हातात दिली.

त्या लाल रेषा मी स्वतः बघितल्या होत्या. मला ते अजून सहन होत नाही.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री आईचा उजवा डोळा लालभडक झाला, अर्धं डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. त्या माणसाला फोन केला. “मळ बाहेर पडतोय, पावडर थांबवू नका.” आम्ही त्याचं ऐकून दोन दिवस काढले.

डोळ्याच्या डॉक्टरांनी दाब मोजला, ५२ भरला. साधारण १० ते २१ असायला हवा. त्यांनी मला शांतपणे समजावलं. शुगरमुळे मागच्या पडद्याला रक्त कमी पडतं, तो पडदा नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं द्रव्य सोडतो आणि त्या नाजूक वाहिन्या बुबुळावरही उगवतात. पुढे त्या डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं तो कोपराच बुजवतात आणि दाब चढतो. म्हणजे तो माणूस ज्याला घाण म्हणाला, तो काचबिंदू येण्याआधीचा इशारा होता.

आमच्या शेजारच्या काकांच्या बुबुळाला लेसरनं बारीक भोक पाडून दाब उतरवला होता, म्हणून मी तेच करा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, काकांच्या डोळ्यात पाणी बुबुळामागे अडलं होतं, भोकातून त्याला वाट मिळाली. इथे निचऱ्याची जागाच वाहिन्यांच्या जाळीनं झाकलीय. मग डोळ्यात इंजेक्शन, पडद्याला लेसर, थेंब आणि शेवटी नळी बसवण्याचं ऑपरेशन. दुखणं थांबलं. उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. डाव्या पडद्याचा लेसर वेळेत झाला, तो डोळा वाचला.

आणि डावीकडचा ‘किडनीचा’ ठिपका? तो तीळ आहे, कातडीवर असतो तसाच. बहुतेक असे तीळ निरुपद्रवी असतात. फोटो काढून ठेवायचा आणि वाढतोय का ते बघत राहायचं. आईच्या किडनीचे रिपोर्ट चांगले आले.

घरी येऊन मी या विद्येबद्दल वाचलं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय मासिकात एक चाचणी छापून आली होती. १४३ जणांच्या बुबुळांचे फोटो दाखवूनही या विद्येच्या तीन जाणकारांना किडनीचे रोगी ओळखता आले नाहीत. आणि साधी गोष्ट बघा, आधारसाठी आपल्या बुबुळांची नोंद घेतात ती त्यांची नक्षी वर्षानुवर्षं तशीच राहते म्हणूनच. पोट बिघडलं, लिव्हर बिघडलं की ती बदलत असती, तर त्या नोंदीचा उपयोग काय झाला असता?

घरात कुणाला शुगर असेल तर वर्षातून एकदा डोळ्याच्या डॉक्टरांकडून थेंब टाकून मागचा पडदा तपासून घ्या, दिसायला काही त्रास नसला तरी. थेंब टाकायच्या आधी बुबुळही बघायला सांगा. बाहुली पसरली की त्या बारीक वाहिन्या सहज नजरेतून सुटतात. डोळा लाल, डोकेदुखी आणि उलटी एकत्र आली तर सकाळचीही वाट बघू नका.

मधुमेह, काचबिंदू, अंधत्व बरं करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या चमत्कारी उपायांच्या कायद्यानं बंदी आहे. मी पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. सोबत शिबिराचं पत्रक, ती चिठ्ठी आणि पावडरीचा अर्धा डबा जोडला आहे. तुमच्याकडेही असं काही पडून असेल तर फेकू नका.