१९७८ चा फेंडर प्रिसिजन बेस: एक हिवाळा आणि एक गणपती वाजवून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, या बेस गिटारमध्ये एकच आवाज आहे. एक पिकअप (तारांची कंपनं पकडून विजेत बदलणारा), एक व्हॉल्यूम, एक टोन, संपलं. ज्यांना स्विच, बॅटरी, तीन बँडचा ईक्यू वगैरे लागतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, कारण पुढे सगळं त्या एका आवाजाबद्दलच आहे आणि तो नीट यावा म्हणून काय काय खटपट करावी लागते त्याबद्दल.

मी डेट्रॉईटच्या बाजूला नोव्हायमध्ये राहतो, नोकरी गाड्यांच्या क्षेत्रात आणि वीकेंडला मंडळाच्या ऑर्केस्ट्रात बेस. आधीचा माझा पाच तारांचा, बॅटरीवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह बेस चांगलाच होता, पण भावगीताच्या मागे तो सारखा पुढे पुढे करायचा, गाणारी बाई बाजूला आणि हा मध्ये. जुना प्रिसिजन डोक्यात बसला तो या गावामुळे. वेस्ट ग्रँड बूलेवार्डवरचं २६४८ नंबरचं घर म्हणजे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ, आता म्युझियम आहे, आणि भारतातून पाहुणे आले की नायगाराच्या आधी मी त्यांना तिथे नेतो, त्यांना आवडो न आवडो. तिथल्या स्टुडिओ ए मध्ये, ज्याला वादक मंडळी स्नेकपिट म्हणायची, मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमरसन वाजवायचा. १९६२ चा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड तारा (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत), ब्रिजच्या (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाच्या) झाकणाखाली फोम आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, अँप नाही, वायर थेट कन्सोलमध्ये. त्या काळात रेकॉर्डवर वादकांची नावं छापत नसत, त्यामुळे अख्ख्या जगाने तो बेस ऐकला आणि माणूस कोणाला माहीत नाही. आपल्या मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत गोव्याच्या वादकांचं काय वेगळं झालं म्हणा.

तर खरेदी. १९६५ च्या सुरुवातीला सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी विकत घेतली, आणि बाजारात सगळा हिशोब त्या तारखेच्या अलीकडे की पलीकडे यावर चालतो. त्या तारखेआधीचे बेस पाच आकडी डॉलरमध्ये जातात, ते कपाटात ठेवणाऱ्यांसाठी, आपल्यासाठी नाही. सत्तरच्या दशकातले तुलनेने आवाक्यात असतात, त्यांचं नाव थोडं बदनाम आहे, जड असतात, पॉलिएस्टरचा थर जाड असतो वगैरे. सरसकट बदनामी मला पटत नाही. एकेक हातात घेऊन वाजवून बघावा लागतो एवढंच, कारण दोन बेसमध्ये कधीकधी किलोभराचा फरक निघतो. मला हा शाळेत बँड शिकवून रिटायर झालेल्या एका गृहस्थांकडे मिळाला. सनबर्स्ट रंग, काळा पिकगार्ड (बॉडीवरची प्लास्टिकची पट्टी), शिसवीचा फिंगरबोर्ड. हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) वरच्या टोकावर, सीरियल एस ८ ने सुरू होतं, म्हणजे ७८, पण त्या काळातले नंबर वर्षभर इकडेतिकडे सरकलेले असतात म्हणून त्यावर विसंबू नका. पिकगार्ड उघडून दाखवा म्हणा, आणि पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाच्या, पाठीवरचा कोड वाचा. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे दोन आकडे वर्ष, त्यापुढचे दोन आठवडा. माझ्या व्हॉल्यूमच्या पॉटवर ७८ मिळालं, टोनचा पॉट मात्र नंतर कोणीतरी बदललेला. जाहिरातीत 'सगळं ओरिजिनल' लिहिलं होतं, त्यामुळे किंमत तिथेच दोनशेने उतरली आणि आवाजात काडीचा फरक नाही. वाजवणाऱ्यासाठी असला बदललेला पॉट म्हणजे डिस्काउंट कूपन समजा.

वजन साडेचार किलोच्या थोडं वर. रुंद पट्टा घ्याच, तीन इंची, आतून मऊ, त्यात कंजूषी नको. उभं राहून दोन तासांचा कार्यक्रम होतो माझा, त्यापुढे खांदा बोलायला लागतो.

आता सेटअप, कारण खरी गंमत आणि खरा वैताग दोन्ही इथेच. या बेसच्या ट्रस रॉडचा (नेकच्या आतली, त्याचा वाक सावरणारी सळई) नट नेकच्या खालच्या टोकाला आहे, बॉडीच्या आत. त्याच काळातल्या जॅझ बेसला तीन स्क्रू आणि हेडस्टॉककडे बुलेटसारखा नट दिला होता, तिथे वरूनच किल्ली लागते. प्रिसिजनला चार स्क्रू आणि नट टाचेत. म्हणजे तारा सैल करा, चार स्क्रू काढा, नेक बाहेर घ्या, मोठ्या स्क्रूड्रायव्हरने नट जरासा फिरवा, अगदी पाव फेऱ्यापेक्षा कमी, मग सगळं परत बसवा, सूर लावा, मापा, आणि मनासारखं आलं नाही की परत पहिल्यापासून. दर वेळी तारा थोड्या सैल-घट्ट होतात आणि फ्लॅटवाउंड तारांना ते फारसं सोसत नाही. मी आता एक कप चहा करून मगच बसतो.

नेकच्या वाकाचं माप कसं घ्यायचं ते लिहितो, अनेकजण विचारतात. पहिल्या फ्रेटवर (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, जाड तार जिथे नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामधलं अंतर फीलर गेजने बघायचं. गाड्यांचे व्हॉल्व्ह सेट करायला वापरतात तेच गेज, माझ्याकडे आधीच पडलेलं होतं. सव्वासात इंच रेडियसच्या जुन्या गोल फिंगरबोर्डला साधारण ०.३५ मिमी ठेवावं. तारांची उंची सतराव्या फ्रेटवर, कंपनीच्या मापात जाड तारेला २.८ आणि बारीक तारेला २.४ मिमी बसते. मी त्याहून किंचित खाली ठेवली आहे, फार खाली नेली की फ्रेटवर खडखडतं आणि आवाजातला मांसल भाग जातो. ऑक्टेव्ह जुळवायला मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर, बाराव्यावरचा चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकण्याचा तुकडा) मागे, उतरता आला तर पुढे. इथे एका सॅडलचा स्क्रू गंजून जाम होता, तेलाचा थेंब टाकून रात्रभर सोडला मग हलला. जोर लावून डोकं घासून टाकू नका, जुन्या मापाचे स्क्रू शोधत बसावं लागतं.

पिकअपच्या खालचा फोमही भुगा झाला होता, त्यामुळे स्क्रू कितीही फिरवा पिकअप वर यायलाच तयार नाही. इतक्या वयाच्या बेसमध्ये हे होणारच, नवीन फोमचे दोन तुकडे, काही सेंटमध्ये काम. घेतल्या घेतल्या हे बघा, लोक उगाच पिकअप मेला म्हणून बदलून टाकतात.

मिशिगनचा हिवाळा हे वेगळंच प्रकरण. फर्नेस सुरू झाली की घरातली हवा पापडासारखी कोरडी, नेक सरळ होत जातो आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार घासायला लागते, फिंगरबोर्ड आकसला की फ्रेटची टोकं बाजूने बोटाला लागतात. जूनमध्ये उलटं, नेकला पोट पडतं आणि तारा उंच. म्हणजे वर्षातून दोनदा वरचा नेक काढायचा कार्यक्रम ठरलेला. केसमध्ये आर्द्रता धरणारी पाकिटं ठेवायला लागलो तेव्हापासून हालचाल कमी झाली, थांबली नाही. पुण्यात-मुंबईत जुना बेस असेल तर तुम्हाला कोरडेपणाचा त्रास कमी आणि पावसाळ्याचा जास्त होईल, बाकी सूत्र तेच.

तारा. जेमरसन सेट म्हणून ला बेलाच्या ५२-११० मिळतात, भक्तिभावाने त्या लावल्या. आवाज अफाट, पण ताण इतका की डावं मनगट अर्ध्या तासात दुखायला लागतं, आणि ताण वाढला की नेकही वाकतो म्हणजे परत ट्रस रॉड. आता त्याच प्रकारच्या ४५-१०५ आहेत. पहिला महिनाभर फ्लॅटवाउंडमध्ये थोडी धातूची चकाकी असते, ती गेली की मग खरा आवाज सुरू होतो, गोल, बुटका, सुरुवातीला ठाम आणि लगेच बाजूला होणारा. फ्रेटही कमी झिजतात हा वर फायदा.

आता आपल्या गाण्यांत कसा चालतो ते, कारण इंग्रजी व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही. आमच्या ताई काळी चारला गातात, म्हणजे (तारा जाड बाजूने मोजल्यात) सा जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणि पंचम दुसऱ्या तारेच्या सहाव्यावर. मोकळी तार जवळजवळ कधीच मिळत नाही. काळी एकवाल्या पुरुष गायकांना सा दुसऱ्या तारेच्या चौथ्यावर. इथवर ठीक, पण काळी एकचा वरचा सा येतो सगळ्यात बारीक तारेच्या सहाव्या फ्रेटवर, आणि या जातीच्या बेसवर त्या तारेचा पाचवा ते सातवा फ्रेट ही बदनाम जागा आहे, सूर वाजतो आणि लगेच विझतो. लांब लाकडी नेकची स्वतःची कंपनं त्या सुराशी जुळतात आणि तारेची ताकद लाकूडच खाऊन टाकतं, बिघाड काही नसतो. हेडस्टॉकला वजनदार क्लँप लावला की ती जागा थोडी सरकते, मी लावून पाहिला, सरकते खरी पण शेजारच्या सुरावर जाऊन बसते. सरळ उपाय म्हणजे तो सा तिसऱ्या तारेच्या अकराव्या फ्रेटवर घ्या, तिथे छान भरतो. हात वर न्यावा लागतो म्हणून त्या गाण्यांची बोटं मी नवीन बसवली.

ढोलकी आणि तबल्याबरोबर मात्र या बेसने मला जिंकलं. आमचे ढोलकीवाले काका जुन्या बेसच्या वेळी दर तालमीला म्हणायचे, "अरे, तू वाजवायला लागलास की माझा धुमच गायब होतो बघ." बरोबरच होतं, डग्ग्याची घुमक आणि बेसचा लांबलेला सूर एकाच जागेसाठी भांडतात. आता ब्रिजपाशी तारांखाली फोमची पट्टी सरकवतो, टोन अर्ध्यावर, अंगठ्याने वाजवतो, सूर छोटा होतो आणि केरव्यात दुसऱ्या अर्ध्या आवर्तनाला जागा मोकळी राहते. लावणीला फोम काढून दोन बोटांनी. एवढाच काय तो माझा ईक्यू. यंदाच्या गणपतीत काकांनी काही म्हटलं नाही, त्यांच्याकडून ही फार मोठी दाद आहे.

आणखी एक. आमचे कार्यक्रम शाळांच्या ऑडिटोरियममध्ये होतात, तिथल्या लाइटच्या डिमरमुळे बाकीच्यांच्या गिटार घूं घूं करत असतात. १९५७ पासून प्रिसिजनला दोन तुकड्यांचा पिकअप आहे, दोन्ही कॉइल उलटसुलट गुंडाळलेल्या आणि चुंबकंही उलटी, त्यामुळे तो घूं घूं आवाज, म्हणजे हम, एकमेकांत कापला जातो. मी डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी) सरळ साउंडवाल्याकडे देतो, अँप घरीच.

काय जमत नाही तेही लिहितो. नवीन मराठी चित्रपटगीतांत कीबोर्डवरचा बेस कमालीचा खाली जातो, तो चार तारांत येत नाही, तिथे सप्तक वर घ्यावं लागतं आणि मजा जाते. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणं, या तारांवर म्हणजे उशीवर थापट्या. पंधराव्या फ्रेटच्या वर जायचं असेल तर हा बेस विसरा. आणि कार्यक्रमानंतर गाडीत विसरून ठेवायची सोय नाही, थंडीतही नाही आणि उन्हातही नाही, जेवायला गेलो तरी केस बरोबर, हॉटेलवाले आता एक खुर्ची जास्तीची देतात.

भारतात नेणार असाल तर फिंगरबोर्ड कुठल्या शिसवीचा ते आधी बघा, कारण शिसवीच्या आंतरराष्ट्रीय ने-आणीवर साइटीस करारानुसार बंधनं आहेत. फेंडरने साठच्या दशकातच ब्राझीलचं लाकूड सोडून भारतीय शिसव घ्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे माझ्यावरचं बहुतेक आपल्याकडचंच, इथवर येऊन वाजतंय. तयार वाद्यांना भारतीय शिसवीसाठी २०१९ पासून सूट आहे. भारतीय शिसव यायच्या आधीच्या काळातला ब्राझिलियन फिंगरबोर्ड असेल तर १९९२ पासून ते लाकूड त्या करारातल्या सगळ्यात कडक यादीत आहे, परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेऊ नका.

शिकायला सुरुवात करणाऱ्याला मी हा घ्या म्हणणार नाही, त्याच आकाराचा नवीन साधा बेस घ्या, फ्लॅटवाउंड लावा, सेटअप नीट करा, सत्तर टक्के आवाज तिथेच मिळतो. बाकीच्या तीस टक्क्यांसाठी एवढे पैसे आणि वर्षातून दोनदा नेक काढणं परवडत असेल तर सत्तरच्या दशकातला बघा, पण वाजवून, आणि पिकगार्ड उघडून. माझ्या बेसचे पहिले पाच फ्रेट थोडे चपटे झालेत, दिवाळीचा कार्यक्रम झाला की ते घासून गोल करून घेणार आहे, फ्रेट बदलायला अजून अवकाश आहे असं कारागीर म्हणाला. कोणी याच वयाच्या बेसवर फ्रेट बदलले असतील तर जुन्या बारीक मापाचेच घातलेत की जाड, आणि नंतर आवाज बदलला का, ते जरूर लिहा.