झोंडा सी-१७ सायकलची चाकं: चौदा महिने, साडेनऊ हजार किलोमीटर आणि एक तुटलेला स्पोक

रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या रिमला रबर दाबून थांबणारी, रोड बाईक घेऊन मला सहा वर्षं झाली. फ्रेम चांगली, गिअर चांगले, पण तिच्याबरोबर आलेली चाकं जड. घरच्या काट्यावर टायर-ट्यूब काढून तोलली, तर जोडी दोन किलोच्या वर भरली. त्यातही जडपणाची तक्रार दुसऱ्या नंबरची. मुख्य तक्रार ही की मागचं चाक दर दीड-दोन महिन्यांनी आउट व्हायचं, म्हणजे फिरताना डुलायला लागायचं. बोपदेव घाट उतरून खाली आलं की ब्रेकचं रबर एका बाजूला घासायला लागायचं, आणि पुढच्या रविवारी आउट काढायला दुकानात चक्कर.

नवी चाकं घ्यायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न हा पडला की हाताने बांधून घ्यावीत की कंपनीतून तयार आलेली घ्यावीत. हाताने बांधलेल्या चाकाबद्दल मला मनापासून आदर आहे. ३२ स्पोक, साधे हब (चाकाचा मधला भाग), कुठेही मिळणारे निपल (स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या चाव्या), म्हणजे लांबच्या प्रवासाला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण असं चाक बांधणारा हात जवळ असावा लागतो, आणि आमच्याकडे चाकं मन लावून बांधणारे जे एक काका होते त्यांनी दुकान बंद केलं. तेव्हा तयार चाकांकडे वळलो.

यादी तीनवर आली: शिमानोची आरएस५००, फल्क्रम रेसिंग ३ आणि कॅम्पान्योलो झोंडा सी-१७. फल्क्रम आणि कॅम्पान्योलो ही एकाच घरातली भावंडं. रेसिंग ३ आणि झोंडा यांच्यात स्पोकची मांडणी सोडली, तर फरक शोधावा लागतो. शेवटी झोंडा घेतली. जर्मनीहून सुट्टीला आलेल्या मावसभावाने आणली, तीनशे युरोंच्या घरात पडली. माझी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) शिमानोची, म्हणून फ्रीहबही, म्हणजे हबचा ज्यावर कॅसेट बसते तो भाग, शिमानोच्या कॅसेटला चालणारा मागवला. मागवताना हे न विसरता बघा, कारण कॅम्पान्योलोचा स्वतःचा फ्रीहब वेगळ्या खाचांचा असतो आणि त्यावर शिमानोची कॅसेट बसत नाही.

कंपनी वजन १५४० ग्रॅम सांगते, माझी जोडी त्याहून वीसएक ग्रॅम जास्त भरली. जुन्या चाकांपेक्षा जवळपास अर्धा किलो कमी. याचा परिणाम सरळसरळ सांगतो. सिंहगडाच्या चढाला गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत माझा वेळ मिनिटभराने सुधारला, आणि त्यातलं किती श्रेय चाकांचं आणि किती त्या महिन्यातल्या सरावाचं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जे नक्की जाणवतं ते वेगळं. वळणावर उठून जोर लावला की सायकल लगेच पुढे सरकते, आणि मागच्या ब्रेकचं रबर रिमला घासत नाही. पूर्वी घासायचं.

पुढच्या चाकाला १६ स्पोक, मागच्याला २१. मागचे स्पोक तिघांच्या सात गटांत बांधलेले आहेत. प्रत्येक गटात कॅसेटच्या बाजूचे दोन, पलीकडच्या बाजूचा एक. पहिल्यांदा बघताना काहीतरी चुकलंय असं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. कॅसेटला जागा करून द्यावी लागते, त्यामुळे मागच्या चाकात उजवे स्पोक जास्त उभे राहतात आणि त्यांच्यावर ताणही जास्त येतो. डावे मात्र ढिले राहतात, आणि ढिला स्पोक हळूहळू निपलमधून सुटायला लागतो. माझं जुनं चाक सारखं आउट व्हायचं ते मला वाटतं यामुळेच. उजवीकडे दुप्पट स्पोक दिले की ताण दोन्हीकडे बराचसा सारखा वाटला जातो. चौदा महिन्यांत, स्पोक तुटला तो प्रसंग सोडला, तर या चाकाला एकदाही पाना लावावा लागला नाही. पुण्याचे रस्ते धरून सांगतोय.

रिमची आतली रुंदी १७ मिलिमीटर आहे. सुरुवातीला २५ चे टायर लावले होते, आता २८ चे आहेत आणि परत मागे जाणार नाही. माझं वजन ६८ किलो, मागे ८० आणि पुढे ७५ पीएसआय हवा ठेवतो. सासवडच्या बाजूचे खडबडीत पट्टे तेवढ्याने सुसह्य होतात. टायर चढवणं मात्र अंगठ्यांची परीक्षा आहे. दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात नीट दाबत दाबत न्या, व्हॉल्व्हची बाजू शेवटी ठेवा, मग बसतो. घाईने लोखंडी पट्टी घालून ओढाल तर ट्यूब चिमटणार.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे चाक निवडलं ती. हबमध्ये सीलबंद बेअरिंग नाहीत, कप-कोन (वाटी आणि शंकू) आणि त्यांच्यामध्ये सुटे करता येणारे छर्रे आहेत. पुष्कळ जणांना हे जुनाट वाटतं. मला तोच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. जून ते सप्टेंबर मी सायकल बंद ठेवत नाही. पावसाळा संपल्यावर पुढचं चाक बोटांनी फिरवलं तर आत वाळू असल्यासारखी करकर लागत होती. एका शनिवारी अंगणात वर्तमानपत्र अंथरून बसलो. आसाच्या दोन टोकांना ५ च्या ॲलन की, मग कॉलरवरचा (बेअरिंग आवळून धरणाऱ्या कडीवरचा) छोटा स्क्रू ढिला, कॉलर सुटली, आस बाहेर. छर्रे प्लास्टिकच्या पिंजऱ्यात ओळीने बसलेले असतात, त्यामुळे घरंगळून हरवत नाहीत. ग्रीस राखाडी झालं होतं. सगळं रॉकेलमध्ये धुतलं, फडक्याने कोरडं केलं, कपाचा पृष्ठभाग उजेडात तिरका धरून बघितला. आरशासारखा, एकही खड्डा नाही. नवीन ग्रीस भरलं, कॉलर हाताने फिरवत फिरवत खेळ संपेल इतपतच आवळली, चाक सायकलला लावून रिम धरून डावीउजवीकडे हलवून पाहिलं. पाऊण तास लागला. खर्च बोटभर ग्रीसचा. उद्या कप झिजलेच तर तेही बदलता येतात. जे चाक मला माझ्या हाताने उघडता येतं त्यावर माझा विश्वास बसतो, आणि रात्रीच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत, हा विश्वास फार मोलाचा असतो.

तुटलेल्या स्पोकची गोष्ट अशाच एका ब्रेव्हेतली. कराडपर्यंत जाऊन परत, ३०० किलोमीटरची ब्रेव्हे, २० तासांची मुदत. परतीला पाचवड ओलांडताना टण्ण असा आवाज आला आणि मागचं चाक डुलायला लागलं. तुटला तो कॅसेटच्या बाजूचा, हबपाशी, जिथे पंधरा दिवस आधी चेन कॅसेटच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून आत पडून ओरखडा पाडून गेली होती. चेन पडल्यावर स्पोक तपासले नाहीत, ही चूक माझी. २१ पैकी एक गेला की राहिलेल्यांवर केवढा भार येतो ते त्या रात्री समजलं. तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला बांधला, मागचा ब्रेक पूर्ण उघडला आणि खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्यापर्यंत जपत जपत, फक्त पुढच्या ब्रेकवर आलो. मुदतीत पोचलो, पण असं कुणी करावं असा सल्ला मी देणार नाही.

त्यानंतर पाच आठवडे सायकल भिंतीला टेकून. हे स्पोक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. पुढचे, मागचे उजवे आणि मागचे डावे, तिघांची लांबी वेगळी. ज्या दुकानात मागवले त्यांनी आधी चुकीच्या लांबीचा आणला. मोसमातले ते पाच आठवडे गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून कळकळीने सांगतो, चाकं घेतानाच प्रत्येक प्रकारचे दोन-दोन स्पोक आणि निपल घेऊन ठेवा.

नवा स्पोक बसवायचा प्रकार बघण्यासारखा आहे. या रिमला आतून स्पोकची भोकंच नाहीत, म्हणून ट्यूबला भोकांपासून वाचवणारी रिम टेपही लागत नाही. मग निपल आत जाणार कुठून? व्हॉल्व्हच्या भोकातून. निपलच्या तोंडाला लोखंडाचा इवलासा आटेदार तुकडा लावायचा, रिममध्ये सोडायचा आणि बाहेरून चुंबकाने ओढत ओढत जागेवर न्यायचा. दादा मेकॅनिक चुंबक फिरवत होते, मी रिमला कान लावून आतली खरखर कुठपर्यंत आली ते सांगत होतो. तिसऱ्या खेपेला टोक भोकातून बाहेर डोकावलं.

एक-दोन गोष्टी आणखी. फ्रीहब मोठ्याने वाजतो. दिवे घाटात उतरताना पुढच्या माणसाला घंटी द्यावी लागत नाही, मला ते आवडतं. कॅसेटच्या सुट्या चकत्या त्याच्या ॲल्युमिनियममध्ये थोड्या रुतल्यात, काढताना चाबूक-पाना लावून एकेक सोडवावी लागली. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात अडकलेली खडी दर फेरीनंतर टोकदार काडीने काढा, नाहीतर रिमची कड खरवडली जाते. कडेवर झिजेची खूण म्हणून बारीक खळगा आहे, माझा अजून स्पष्ट दिसतो.

रिम ब्रेकच्या चांगल्या चाकांची निवड आता दर वर्षी कमी होत चाललीय, नव्या सायकली बहुतेक डिस्क ब्रेकच्याच येतात. मी याच जोडीची दुसरी, न वापरलेली, शोधतोय. कुणाकडे असेल तर कळवा, स्पोकसकट घेईन.