त्वचा-केस-पोट एकाच कॅप्सूलमध्ये: उन्हाळा ते दिवाळी घेतलेल्या प्रोबायोटिकचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, कारण पुढे बरंच लिहिलं आहे आणि सगळ्यांना तेवढी सवड नसते. प्रोबायोटिक म्हणजे फायद्यासाठी पोटात घ्यायचे जिवंत सूक्ष्मजीव, बहुधा जिवाणू. पोटाला फरक पडला, पण त्याचं सगळं श्रेय कॅप्सूलला देता येत नाही. चेहऱ्याला थोडाफार, आणि त्यातही दुसऱ्याच गोष्टींचा हात मोठा. केसांना काहीही नाही. एप्रिलपासून दिवाळीपर्यंत घेतलं, मध्ये पावसाळ्यात काही आठवडे मुद्दाम बंद ठेवून पाहिलं, म्हणून एवढं ठामपणे लिहितेय.

कंपनीचं नाव देत नाही. या प्रकारच्या चार-पाच बाटल्यांची लेबलं मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. आतला माल, भाषा आणि दावे इतके सारखे की एकीला झोडपून दुसरीचा खप वाढवण्यात अर्थ नाही.

फेब्रुवारीत टायफॉइड झाला. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला, ताप गेला, पण पोट काही जागेवर येईना. कधी दोन-दोन दिवस साफ नाही, कधी सकाळपासून धावाधाव, आणि संध्याकाळी निऱ्या सैल कराव्या लागतील इतका फुगारा. हनुवटीवर पुरळ. एप्रिल सरता सरता केसही गळायला लागले, बाथरूमच्या जाळीवर रोज एक गुंता. नेमक्या अशा वेळी "पोट सुधारा, त्वचा आणि केस आपोआप सुधारतील" अशी जाहिरात दिसली की माणूस बटण दाबतोच. बाटली महिन्याची, किंमत हजाराच्या आसपास.

समोर ठळक अक्षरांत "५० अब्ज". ही मोजणी सीएफयूमध्ये असते, म्हणजे वाढून वसाहत करू शकतील असे जिवंत जिवाणू किती. मागे भिंग लावून वाचावा असा मजकूर: लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, बिफिडोबॅक्टेरियम लाँगम, बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स, त्यांचं खाद्य म्हणून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, आणि शेवटी झिंक व बायोटिन (एक ब जीवनसत्त्व). काही बाटल्यांवर लॅक्टोबॅसिलसऐवजी "लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस" दिसेल. ती वेगळी वस्तू नाही. २०२० मध्ये या कुळाची नव्याने विभागणी झाली, तेव्हापासूनचं ते नाव.

लेबलवर काय नव्हतं ते जास्त महत्त्वाचं. प्रजातीच्या नावापुढे स्ट्रेनचा, म्हणजे त्या प्रजातीतल्या नेमक्या वाणाचा, क्रमांक किंवा खूण कुठेच नाही. ऱ्हॅम्नोससचा जीजी नावाचा स्ट्रेन १९८० च्या दशकात गोर्बाक आणि गोल्डिन या अमेरिकी संशोधकांनी वेगळा केला, जीजी ही त्यांच्याच आडनावांची अक्षरं. त्यावर ढिगाने प्रयोग झालेत. पण ते प्रयोग जीजीचे. गल्लीतला एक देशपांडे उत्तम गातो म्हणून सगळ्या देशपांड्यांच्या मैफली होत नाहीत. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्ये प्रोबायोटिक पदार्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत स्ट्रेनपर्यंतचं पूर्ण नाव आणि मुदत संपताना किती जिवाणू जिवंत असतील तो आकडा, दोन्ही लेबलवर हवेत असं म्हटलंय. माझ्या बाटलीवर ५० अब्जच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: "उत्पादनाच्या वेळी".

आणि उत्पादनाची वेळ ते माझं तोंड, याच्या मधे नागपूरचा मे महिना.

याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर. हे जिवाणू गोठवून वाळवलेले असतात, झोपवून ठेवलेले म्हणा. त्यांना उष्णता सोसत नाही आणि ओल तर त्याहून नाही. बाटलीवर सूचना: २५ अंशांखाली, कोरड्या जागी. आमच्याकडे त्या दिवसांत २५ अंश फक्त फ्रिजमध्ये सापडतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, आलेली बाटली डिलिव्हरीच्या पोराने भर दुपारी हातात दिली, तेव्हा खोका चटका लागेल असा तापला होता. त्याआधी तो कुठल्या गोडाऊनच्या पत्र्याखाली किती तास पडला होता देव जाणे. घरात यावं तर कूलर. कूलरने खोली गार होते, पण हवेत पाणी भरतं. दार लोटून लावला तर पापड मऊ पडतात. कूलरसमोरच्या शोकेसवर सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलेली बाटली दोन्ही मार खाते. मी फ्रिजमध्ये ठेवायला लागले, आतली सिलिका जेलची पुडी न काढता, झाकण घट्ट. कॅप्सूल काढून लगेच बाटली परत आत, कारण गार बाटली बाहेर राहिली की आत दव धरतं.

या यादीतला बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स तेवढा वेगळा. तो बीजाणू करतो, म्हणजे स्वतःभोवती कवच, त्यामुळे गरमी आणि पोटातलं आम्ल दोन्ही बऱ्यापैकी झेलतो. विदर्भात उन्हाळ्यात घ्यायचंच असेल तर बीजाणूवालं घ्यावं, किंवा नागपुरात बर्डीवर, धरमपेठेत ज्या औषधवाल्याकडे हा माल फ्रिजमधून काढून देतात तिथून घ्यावं. शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील. ऑनलाइन सवलत मे महिन्यात फुकटची नाही.

नणंदेचं म्हणणं, कॅप्सूल फोडून कोमट दुधात टाक, दही लागलं तर जिवंत. करून पाहिलं. एका वाटीत कॅप्सूलची पूड, दुसरीत विरजण, तिसरीत नुसतं दूध, तिन्ही झाकून ओट्यावर. विरजणाचं सकाळी सुरीने कापावं असं लागलं. कॅप्सूलचं संध्याकाळपर्यंत पातळ, तार सुटणारं, वास आंबूस. नुसतं दूधही तोवर नासलं होतं, मे महिना तो! म्हणजे या परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय जीजीसारखे काही जिवाणू दुधातली साखर आंबवतच नाहीत. ते जिवंत असूनही दही लागणार नाही. व्हिडिओत हा प्रयोग दाखवून कुणी बाटली विकत असेल तर पुढे सरका.

आता पोट. पहिला पंधरवडा उलट जास्त गॅस. ते फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडचं काम असावं. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि वायू सोडतात. ऑफिसात डब्यानंतर खुर्चीत बसवेना. मग हळूहळू उतरलं आणि जूनच्या मध्यापर्यंत पोट नियमित झालं, फुगारा गेला. इथेच लिहायचं थांबले असते तर चार तारे दिले असते. पण जुलैत बंद केलं आणि काहीच बिघडलं नाही. पोट तसंच शांत. मग ते कॅप्सूलने शांत केलं होतं, की टायफॉइडनंतर आपसूक शांत व्हायचंच होतं?

डॉक्टर मॅडमना विचारलं. त्यांच्या मते प्रोबायोटिकचा सगळ्यात पक्का पुरावा आहे तो अँटिबायोटिकसोबत घेतल्यावर जुलाब टाळण्याचा, त्यातही जीजी आणि सॅकरोमायसिस बोलार्डी यांचा. बोलार्डी म्हणजे जिवाणूसुद्धा नाही, यीस्ट आहे. म्हणून अँटिबायोटिक त्याला मारत नाही. मी सुरू केलं तेव्हा कोर्स संपून गेला होता. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये पुरावा चाळला आणि बहुतेक पोटाच्या तक्रारींसाठी सरसकट प्रोबायोटिक सुचवण्याइतका तो नाही असं सांगितलं. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने तर असं दाखवलं की अँटिबायोटिकनंतर अनेक स्ट्रेनचं प्रोबायोटिक घेतलेल्यांच्या आतड्यात स्वतःचे मूळ जिवाणू परतायला जास्त वेळ लागला. प्रयोग थोड्याच लोकांवरचा होता, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण "अँटिबायोटिकने सगळं साफ झालं, आता भरून काढा" हा जाहिरातीतला हिशेब इतका सरळ नाही.

चेहऱ्याचं थोडक्यात. आतडं आणि त्वचा यांचा संबंध असावा ही कल्पना जुनी आहे, स्टोक्स आणि पिल्सबरी या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी १९३० मध्येच मांडली होती. संबंध आहेही, दाह कमी-जास्त होण्यातून. पण आतड्यातले जिवाणू चालत जाऊन गालावर बसत नाहीत. त्वचेवरची वस्ती वेगळी: स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस वगैरे. त्वचा जराशी आम्लधर्मी, पीएच पाचच्या आसपास, असली की तिथली नेहमीची मंडळी सुखाने राहतात आणि उपऱ्यांना जागा देत नाहीत. आपण घामाला कंटाळून दिवसातून चारदा अल्कधर्मी साबण चोळतो आणि ते बिघडवतो. जूनमध्ये मॅडमनी साबण बंद करायला लावला, सौम्य क्लेन्झर आणि रात्री अ‍ॅडापॅलीनचं मलम दिलं. सप्टेंबरमध्ये पुरळ जवळजवळ गेलं. अ‍ॅडापॅलीनला दोन-तीन महिने लागतातच, तेव्हा मलमाने वेळेवर काम केलं असंच मी मानते. कॅप्सूलला दहातला फार तर एक गुण.

केसांवर मात्र मला राग आहे, कारण इथे लोकांना सरळ फसवलं जातं. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, असं काही झालं की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. साधारण सहा महिन्यांत ते आपलं आपण थांबतं. आता हिशेब करा: ताप फेब्रुवारीत, गळती एप्रिल-मेपासून, ऑक्टोबरात थांबली. या दरम्यान मी काहीही घेतलं असतं, कॅप्सूल, भृंगराज तेल, नाहीतर नुसतं सोमवारचं व्रत, तरी "सहा महिन्यांत फरक" असाच रिव्ह्यू लिहिला गेला असता. बाटलीखालचे निम्मे पाचतारे असेच आलेले असणार.

आणि बायोटिन कशाला? केसांच्या मालात ते असतंच, म्हणून. चांगलं खाणाऱ्या माणसात त्याची कमतरता विरळा. उलट त्याचा ताप असा की जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं, थायरॉइड आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनसकट. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिला. थायरॉइडच्या तपासणीला गेले तेव्हा धंतोलीतल्या लॅबच्या मुलीने सुई काढायच्या आधी विचारलं, "केसांच्या गोळ्या चालू आहेत का जी?" चालू होत्या, तर काही दिवस बंद करून परत बोलावलं. थायरॉइड ठीक निघालं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मात्र कमी होतं, मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. केस गळतात म्हणून पैसे घालायचेच तर आधी या तपासणीत घाला. कोंड्यालाही कॅप्सूलचा काही उपयोग झाला नाही. त्यामागे मॅलॅसेझिया ही बुरशी असते, तो केटोकोनॅझोलच्या शॅम्पूने गेला.

सासूबाई हे सगळं पाहत होत्या. "काहून वं, घरच्या दह्याले काय झालं? हजार रुपयाची गोयी गिळून राहिली तू." शास्त्राच्या भाषेत घरच्या दह्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत, कारण विरजणात नेमके कोणते स्ट्रेन, किती, आणि त्यांनी काय होतं हे कुणी तपासलेलं नसतं. पण जिवंत जिवाणू त्यात भरपूर असतात, आणि ज्यांना दूध पचत नाही त्यांना दही पचतं ते त्यांच्यामुळेच. फक्त शिजवलं की मेले. गोळ्याच्या कढीत कुणी जिवंत उरत नाही, ती आपली चवीसाठी खावी. महालक्ष्म्यांच्या जेवणातली आंबीलही शेवटी चुलीवर रटरटतेच. ज्वारीची भरड रात्रभर ताकात फुगलेली, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी आणि मूठभर सांबार (कोथिंबीर). जिवाणू त्यात उरत नसतील, पण ज्वारीचा चोथा उरतो, आणि आतड्यातल्या जिवाणूंना तोच हवा असतो. त्यातून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. जूनपासून आमच्याकडे रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकर, वरणाचं प्रमाण दुप्पट आणि जेवणात पातळ मठ्ठा सुरू झाला होता. कॅप्सूल बंद असतानाही हे चालू होतं. जुलैत पोट का बिघडलं नाही, याचं मला पटलेलं उत्तर हे.

तर घ्यावं कुणी? अँटिबायोटिक सुरू होतंय आणि दरवेळी जुलाब होतात, त्यांनी डॉक्टरांना स्ट्रेनचं नाव विचारून तेवढ्यापुरतं घ्यावं. नुसता फुगारा असेल तर महिनाभर पाहावं, फरक नसेल तर दुसरी बाटली मागवू नये. त्वचा आणि केस बाटलीवर एकत्र दिसले की बाटली खाली ठेवावी.

माझी अर्धी बाटली उरली होती, फ्रिजमध्येच. जाऊबाईंनी त्यांच्या आईसाठी मागितली, "केमोने त्यांचं पोट फारच बिघडलंय, तुला उपयोग नसेल तर दे." दिली नाही, आणि फोनवर वाईटपणा घेतला. प्रतिकारशक्ती खचलेली असताना हेच जिवाणू क्वचित रक्तात उतरून संसर्ग करू शकतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीतही एफडीएने २०२३ मध्ये असाच इशारा दिला आहे. कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून ते सांगतील तेच द्या म्हटलं. त्यांनी विचारलं, आणि डॉक्टरांनी नको सांगितलं.