भिलारला जायचं तर अख्खा दिवस काढून जा

"भिलारला काय बघणार? नुसती पुस्तकं तर आहेत," असं पाचगणीत एका हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं. बरं झालं, त्याचं ऐकलं नाही.

राज्य मराठी विकास संस्थेनं ४ मे २०१७ रोजी इथं 'पुस्तकांचं गाव' सुरू केलं. त्यासाठी वेगळी इमारत बांधली नाही. गावकऱ्यांनीच घरातल्या खोल्या दिल्या, देऊळ, शाळा दिली. सुरुवातीला अशी २५ ठिकाणं होती आणि पुस्तकं पंधरा हजारांच्या आसपास. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात कविता, कुठं चरित्रं, कुठं मुलांची पुस्तकं. वाचायला पैसे पडत नाहीत, पुस्तक मात्र तिथंच बसून वाचायचं.

माझी आई चौथी शिकलेली. वाचनालयाची पायरी ती कधी चढली नाही, तिथं सगळे शिकलेले लोक असतात म्हणून. इथं मात्र चपला काढून सरळ आत गेली, कारण ते कुणाचं तरी घर होतं. घरातल्या वहिनी खाली बसून स्ट्रॉबेरी निवडून डब्यांत भरत होत्या. दोन आईच्या हातावर ठेवल्या. खाऊन झाल्यावर आई कपाटाकडे वळली, तसा वहिनींनी तांब्या पुढं केला आणि खांद्यावरचा टॉवेल दिला. "हात कोरडे करा हं मावशी, पानाला डाग पडतो." पुस्तक त्यांना किती आपलं वाटतं, ते मला तेवढ्यात कळलं.

आई बोट ठेवून, ओठ हलवत, दोन तास वाचत बसली. कुणी उठवलं नाही, काही विकत घ्या म्हणालं नाही. मी तेवढ्यात कासवंडच्या बाजूला चक्कर मारून आलो. तिकडंही उतारावर स्ट्रॉबेरीचे वाफे आहेत, दुपारी बायका तोडणीला वाकलेल्या दिसतात. भिलारची ही कपाटं कासवंड, भोसे अशा शेजारच्या गावांतही गेली तर फार बरं होईल. कामावरून परतताना त्या बायकांनाही वाटेत बसता येईल.

जाणाऱ्यांनी स्वतःची गाडी ठेवावी किंवा परतीचं आधी ठरवून घ्यावं. दोन-चार घरं फोटो काढत पालथी घालण्यापेक्षा एकाच घरात बसावं. निम्मं पुस्तक राहिलं म्हणून आई गाडीत हळहळत होती. पान ८६, तिनं मला लक्षात ठेवायला सांगितलंय.