कामगार-नोंदींचे ॲप : दफ्तर एक, प्रती मात्र मुकादमागणिक

हिंगणघाट परिसरातील आमच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याने गेल्या हंगामात कामगारांच्या नोंदींसाठी एका खासगी कंपनीची मोबाइलवर चालणारी सेवा घेतली. हजेरी, पगारपत्रक आणि भविष्य निर्वाह निधीचा मासिक भरणा यांबाबत ती चोख आहे. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

अडचण आहे ती पाळीप्रमुखांना दिलेल्या डाउनलोडच्या सोयीची. कोणताही पाळीप्रमुख वा मुकादम आपल्या हाताखालील माणसांची संपूर्ण फाइल, म्हणजे आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा, स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेऊ शकतो, आणि एकदा उतरवलेल्या प्रतीवर दिवाणजींचा काहीही ताबा राहत नाही. एका कामगाराने बदललेला खातेक्रमांक कार्यालयात नोंदवला होता, परंतु मुकादमाने उचलीची यादी आपल्या जुन्या प्रतीवरून केली. रक्कम जुन्या खात्यात गेली आणि तेथे थकीत कर्जापोटी वळती झाली. यूएएनचेही, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या सार्वत्रिक खातेक्रमांकाचेही, तसेच आहे. हा 12 अंकी क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहायला हवा, पण यादीत तो रकाना रिकामा राहिला तर हंगामी कामगाराच्या नावे दुसरा क्रमांक निघू शकतो आणि त्याचा निधी दोन ठिकाणी विभागला जाऊ शकतो.

मुकादमांनाच बोल लावणे मात्र योग्य नव्हे. कापसाच्या गंज्यांना आगीचे भय सदैव असते, रात्रपाळीत नेटवर्क जाते, आणि अशा वेळी आत कोण आहे, घरचा फोन कोणता, रक्तगट कोणता, एवढे हाताशी असायलाच हवे. नेमकी तेवढीच यादी छापून घेण्याची सोय या सेवेत नाही. द्यायची तर सगळी फाइल, नाहीतर काहीच नाही. आधारचे शेवटचे 4 अंक तेवढे दाखवणारी प्रत आधार प्राधिकरणाकडून मिळते, हेही विक्रेत्याने विचारात घेतलेले दिसत नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 अन्वये हेतू संपल्यावर, अन्य कायद्याने जपणे आवश्यक नसल्यास, माहिती पुसून टाकण्याची जबाबदारी मालकावर येते. हंगाम आटोपून गावी गेलेल्या मुकादमाच्या फोनमधील प्रत मालकाने पुसावी कशी, असे विचारल्यावर कंपनीचा प्रतिनिधी एवढेच म्हणाला, "साहेब, डाउनलोड तर सगळेच मागतात."

नूतनीकरणाची शिफारस मी तूर्त थांबवली आहे. जेथे नोंदी पाहणारा माणूस एकच आहे, अशा लहान आस्थापनेने ही सेवा घेण्यास हरकत नाही.